‘नाही’वर टिक करायच्या आधी तुझा कागद तरी बघ

पत्र थोडक्यात असं. लिहिणारी उत्तर गोव्यातल्या एका गावातली १९ वर्षांची मुलगी (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय). बारावी सायन्स झाली, नीट दोनदा दिली, पास झाली पण जीएमसीची (गोवा मेडिकल कॉलेजची) सीट थोडक्यात हुकली. मामा-मामी बरीच वर्षं इंग्लंडला, त्यांच्या सांगण्यावरून तिकडच्या मेडिकलला अर्ज केला, यूकॅट ही तिकडची प्रवेश परीक्षा दिली, ऑनलाइन इंटरव्ह्यू झाला आणि कंडिशनल ऑफर आली. आजोबांच्या वाट्याची जमीन विकून फीची सोय होतेय. आता युनिव्हर्सिटीचा मेल आलाय की सेल्फ डिक्लेरेशन (पोलीस केस वगैरे झालीय का ते विचारणारा फॉर्म) भरून पाठवा, डीबीएस चेक (तिकडची पोलीस रेकॉर्डची तपासणी) होणार आहे, आणि भारतातलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट म्हणजे पीसीसी पण लागेल.

अडचण अशी की मे २०२३ मध्ये, साडेसोळा वर्षांची असताना, ती पप्पांची स्कूटर घेऊन सकाळी क्लासला निघाली आणि देवळाजवळच्या वळणावर सायकलवरून येणाऱ्या पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, धडकली. ते आडवे झाले, टोपली उलटली, उंडे आणि पोळी, सगळे पाव रस्ताभर. त्यांचा उजवा हात मोडला, आधी म्हापशाला आझिलो हॉस्पिटलात नेलं, तिथून बांबोळीला जीएमसीत. पोलीस आले, पंचनामा झाला. नंतर तिला आई-पप्पांबरोबर ज्युव्हेनाइल बोर्डासमोर (बालन्याय मंडळासमोर) जावं लागलं, “तिथल्या मॅडमनी खूप समजावलं आणि घरी जा म्हणाल्या” एवढंच तिला आठवतं. कागद पप्पांनी कपाटात ठेवले आणि घरात तो विषय परत निघाला नाही.

आता पप्पा म्हणतात ‘नाही’वर टिक कर, इंग्लंडात कोणाला कळणार. मामा म्हणतात सगळं लिही, लपवलंस आणि सापडलं तर परत पाठवतील. कन्सल्टन्सीवाला म्हणतो पीसीसी क्लीन आणून देतो, ओळख आहे, थोडा खर्च येईल. आईनं देवीचा प्रसाद (कौल) घेतला, उजवा मिळाला, म्हणजे देवीचा होकार. आणि ती विचारते, “ताई, मी क्रिमिनल आहे का? खरं लिहिलं तर सीट जाणार, खोटं लिहिलं तर आयुष्यभर भीती. आणि ज्या मुलीनं माणसाचा हात मोडला तिनं डॉक्टर व्हायचं स्वप्न तरी बघावं का?”

बाय, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही, तू क्रिमिनल नाहीस. तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, आपल्या कायद्यातच तसं आहे आणि कुठल्या कलमात आहे ते पुढे सांगते.

पण त्याच्या आधी तुझ्या पत्रातली एक गोष्ट. घरातल्या आणि बाहेरच्या मिळून सगळ्यांनी सल्ले दिले, पप्पांनी, मामांनी, त्या कन्सल्टन्सीवाल्यानं, पण बोर्डाच्या ऑर्डरमध्ये नेमकं काय लिहिलंय ते कपाट उघडून कोणीच बघितलेलं नाही. तू पण नाही. तुला एक मॅडम आठवतात, त्यांचं समजावणं आठवतं, बाहेर पडताना आईनं हात घट्ट धरलेला आठवतो, पण कागदावर काय आहे ते माहीत नाही. आणि त्या न बघितलेल्या कागदाच्या भीतीनं तू ठरवून टाकलंयस की आता दोनच रस्ते आहेत, खरं लिहून सीट घालवायची नाहीतर खोटं लिहून घाबरत जगायचं. मला वाटतं हे दोनच रस्ते आहेत हे गृहीतच चुकीचं आहे.

म्हणून पहिलं काम, आज रात्री जेवणं झाली की पप्पांना सांग, मला ते कागद बघायचेत. मागायचे, भांडायचं नाही. त्यात काय बघायचं ते सांगते. केस नंबर, तुझी जन्मतारीख बरोबर लिहिलीय का, कलमं कुठली लावलीत, आणि शेवटी बोर्डानं काय आदेश दिला. अपघात २०२३ चा म्हणजे तेव्हा भारतीय न्याय संहिता आलेली नव्हती (ती १ जुलै २०२४ पासून), म्हणून जुन्या भारतीय दंड संहितेची, आयपीसीची, कलमं असणार. बेदरकार गाडी चालवणं २७९, आणि हात मोडला म्हणजे गंभीर दुखापत धरतात म्हणून बहुतेक ३३८. पहिल्याला जास्तीत जास्त सहा महिने, दुसऱ्याला दोन वर्षं. वाचून घाबरू नको, ही शिक्षा मोठ्या माणसांची. मी आकडे एवढ्यासाठी सांगतेय की २०१५ च्या ज्युव्हेनाइल जस्टिस कायद्यात ज्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंतच शिक्षा आहे तो किरकोळ गुन्हा धरला जातो, आणि बाकीचं सगळं त्यावर ठरतं.

उदाहरणार्थ एफआयआर. तू लिहितेस ‘माझ्यावर एफआयआर आहे असं पप्पा म्हणतात’. असेल किंवा नसेलही. त्या कायद्याखालच्या २०१६ च्या नियमांत आठवा नियम आहे, त्याप्रमाणे मुलाविरुद्ध एफआयआर फक्त भयंकर गुन्ह्यात किंवा मोठ्या माणसांबरोबर मिळून गुन्हा केला असेल तरच करायची, बाकी वेळी पोलिसांनी स्टेशन डायरीत नोंद करून रिपोर्ट बोर्डाकडे पाठवायचा. तेव्हा तुझं नाव नेमकं कुठल्या कागदावर आहे ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय तू कुठल्याच फॉर्मला नीट उत्तर देऊ शकत नाहीस.

आता ती कलमं. कलम २४ म्हणतं की मुलाच्या हातून गुन्हा झाला असं बोर्डाला दिसलं आणि या कायद्याप्रमाणे त्याचा निकाल लागला तर त्या दोषापायी पुढे येणारी कुठलीही अपात्रता त्या मुलाला लागू होत नाही. (सोळाच्या वरच्या मुलानं भयंकर गुन्हा केला असेल आणि चिल्ड्रन्स कोर्टानं त्याला मोठ्यासारखं धरलं असेल तर वेगळं, तुझं तसं काही नाही.) आणि कलम ७४ चं दुसरं पोटकलम तर तुझ्यासाठीच लिहिल्यासारखं आहे, केस चालू असो, बंद झालेली असो किंवा निकाली निघालेली असो, पोलिसांनी मुलाचं रेकॉर्ड कॅरेक्टर सर्टिफिकेटसाठी किंवा अजून कशासाठी उघड करायचं नाही. कायदा करताना लोकांनी हा विचार केला होता बाय, की सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची एक सकाळ त्याच्या पुढच्या चाळीस वर्षांवर बसू नये. तो तुझा हक्क आहे, त्याबद्दल लाजायचं काही कारण नाही.

फक्त कलम २४ मधलं ते ‘निकाल लागला तर’ लक्षात ठेव. समज देऊन घरी सोडणं हा कलम १८ खालचा बोर्डाचा रीतसर आदेश असतो, आणि मॅडम म्हणाल्या ते बहुतेक तेच असणार. पण कधी कधी पहिल्या तारखेला समजावतात, घरी पाठवतात आणि चौकशी पुढे चालू राहते. किरकोळ गुन्ह्याची चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत संपवायची असते, बोर्ड अजून दोन महिने वाढवून देऊ शकतं, आणि तरी संपली नाही तर ती तिथेच थांबते असं कलम १४ सांगतं. म्हणजे २०२३ ची गोष्ट आज उघडी असायची शक्यता फार कमी, तरी त्याचा कागद हवा. कपाटात शेवटची ऑर्डर नसेल तर बोर्डाकडे सर्टिफाइड कॉपीसाठी अर्ज करायचा. वकील ओळखीचा नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, डीएलएसए म्हणतात ते, तिथे जा. बायका-मुलींना तिथे फुकट वकील मिळतो, त्यात उत्पन्नाची अट नाही, आणि इतक्या जणींना हे माहीतच नसतं की मला प्रत्येक वेळी लिहावंसं वाटतं.

आणि पप्पा म्हणत असतील की फाडून टाकूया ते कागद, तर फाडू देऊ नको. नियमांप्रमाणे बोर्डानं असं रेकॉर्ड अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षांपर्यंत जपून ठेवायचं आणि नंतर नष्ट करायचं असतं. उद्या सरकारी कपाटातली कॉपी गेली की तुझा विषय संपलाय हे सांगणारा एकमेव कागद तुझ्या घरातला असेल.

पीसीसीचं तू उगाच फार मोठं करून ठेवलंयस. पासपोर्ट सेवाच्या वेबसाइटवर अर्ज, ५०० रुपये फी, अपॉइंटमेंट घेऊन पणजीला पाटोवरच्या पासपोर्ट ऑफिसात जायचं, मग तुमच्या पोलीस स्टेशनकडे व्हेरिफिकेशन जातं. हवालदार घरी येईल किंवा तुम्हाला स्टेशनवर बोलावतील, पत्ता बघतील, शेजारच्यांना विचारतील. गावात पोलीस घरी आला की चार खिडक्या उघडतात ते मला माहीत आहे, पण पासपोर्टच्या वेळी पण असाच आला होता ना, तसंच सांगायचं. ऑर्डरची एक कॉपी फाइलमध्ये असू दे. आपणहून पुढे करायची गरज नाही, पण स्टेशनवर कोणी म्हणालं की तुझ्यावर केस होती, तर आवाज न चढवता ऑर्डर दाखवायची आणि कलम ७४ सांगायचं. तरीही रिपोर्ट उलटा गेला तर पासपोर्ट ऑफिस खुलासा मागतं, तिथे परत तीच ऑर्डर जोडायची. कन्सल्टन्सीवाल्याची ओळख यात कुठेच लागत नाही. उलट तो ‘थोडा खर्च’ म्हणजे लाच, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाऱ्यालासुद्धा सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एका निकाली निघालेल्या अपघातापायी तुम्ही घरादारासकट खराखुरा गुन्हा करायला निघालात, तोही अशा सर्टिफिकेटसाठी जे तुला कायद्यानं सरळ मिळायला हवं. त्या माणसाला आजच नको म्हणून सांग, आणि फॉर्मचा पासवर्ड त्याच्याकडे असेल तर बदलून घे.

आता खरी अवघड गोष्ट, तो इंग्लंडचा फॉर्म.

इथे मी तुला खोटा धीर देणार नाही. आपलं कलम २४ आणि ७४ भारतात तुझ्या पाठीशी आहे, पण इंग्लंडची युनिव्हर्सिटी तिच्या देशाच्या कायद्याप्रमाणे विचारते. तिकडे बऱ्याच कोर्सेसना जुने गुन्हे विचारत नाहीत, यूकॅसनं (तिकडच्या युनिव्हर्सिट्यांचे अर्ज घेणारी संस्था) २०१९ च्या प्रवेशांपासून तो प्रश्न सगळ्यांसाठी काढून टाकला, पण मेडिसिन, नर्सिंग, टीचिंग असल्या कोर्सेसना ठेवला, कारण विद्यार्थी पहिल्या वर्षापासून पेशंटजवळ जातो. म्हणून डॉक्टरकीला एन्हान्स्ड डीबीएस लागतो. तो चेक मुख्यतः तिकडच्या पोलिसांचं रेकॉर्ड बघतो, गोव्यातलं पोलीस स्टेशन त्यात दिसत नाही, आणि म्हणूनच ते बाहेरून येणाऱ्यांकडे त्यांच्या देशाचं सर्टिफिकेट मागतात. पप्पा म्हणतात कोणाला कळणार, तर माहिती म्हणून ते फारसं चुकत नाहीत. डीबीएसमध्ये येणार नाही, पीसीसीमध्ये येऊ नये असा कायदा आहे.

मग उरतं काय, तर तुझ्या हातानं भरायचं ते डिक्लेरेशन. आणि तिथे मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवीय, प्रश्न शब्द न शब्द वाच. तू पत्रात लिहिलंयस ‘पोलीस केस झालीय का असं काहीतरी विचारलंय’. ‘असं काहीतरी’ चालणार नाही. ‘तुम्हाला कोर्टानं दोषी ठरवलंय का’ हा एक प्रश्न. ‘तुमच्यावर कधी आरोप ठेवला गेलाय का’ हा दुसरा. ‘पोलिसांनी कधी चौकशी केलीय का, निकाल काहीही लागला असू दे’ हा तिसरा आणि तो फार मोठा. तिकडच्या फॉर्ममध्ये बऱ्याचदा अजून एक ओळ असते, की कायद्यानं संरक्षित असलेल्या, म्हणजे फिल्टर झालेल्या गोष्टी सांगायची गरज नाही, आणि तिकडेही लहानपणच्या पोलीस वॉर्निंगा नोव्हेंबर २०२० पासून डीबीएसवर आपोआप येत नाहीत. पहिला प्रश्न असेल तर बोर्डानं समज देऊन सोडणं म्हणजे दोषी ठरणं का, हे एखाद्या वकिलाकडून लेखी घे, आणि तो नाही म्हणाला तर तुझं ‘नाही’ हे खरंच उत्तर आहे, त्यात लपवाछपवी काही नाही. तिसरा प्रश्न असेल तर उत्तर ‘हो’, आणि तिथे ‘नाही’ लिहिलं तर ते सरळ खोटं.

हे माझ्या मनचं नाही. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात हेच बारकाईनं सांगितलंय. तो खटला नोकरीतल्या पोलीस व्हेरिफिकेशनचा आणि इंग्लंडच्या फॉर्मला तो लागू नाही, पण विचार करायची रीत फार चांगली आहे. कोर्ट म्हणालं की दिलेली माहिती खरी हवी, दडवणूक नको, पण फॉर्ममधला प्रश्न सुद्धा स्पष्ट हवा, जे नेमकं विचारलंय तेवढंच सांगायची जबाबदारी माणसावर आहे. आणि तरुण वयातली किरकोळ गोष्ट असेल, जी सांगितली असती तरी नोकरी गेली नसती, तर मालक ती पोटात घालू शकतो.

म्हणून मामांच्या ‘सगळं लिही’लासुद्धा माझा थोडा विरोध आहे. त्यांची काळजी कळते, परदेशात राहणाऱ्या माणसाला कागदाची भीती इथल्यापेक्षा जास्त असते. पण न विचारलेलं सगळं, रडून, तीन पानं भरून लिहिणं म्हणजे प्रामाणिकपणा असं मला वाटत नाही. युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला एक साधा मेल टाक, घाबरल्यासारखा नको, चौकशी म्हणून: अठरा वर्षांखाली असताना भारतातल्या बालन्याय मंडळापुढे गेलेली आणि समज देऊन निकाली निघालेली वाहतूक अपघाताची बाब या फॉर्ममध्ये सांगणं अपेक्षित आहे का? असले प्रश्न त्यांना दर वर्षी येतात. उत्तर लेखी येईल, ते जपून ठेव, पुढे कोणी विचारलं तर तू विचारून भरलंस याचा तो पुरावा आहे.

आणि ते म्हणाले हो, सांगा, तर काय लिहायचं? फार नाही. ‘मे २०२३ मध्ये मी साडेसोळा वर्षांची असताना लायसन्स नसताना स्कूटर चालवत होते आणि एका सायकलस्वाराला धडकले. त्यांच्या हाताचं हाड मोडलं. चूक माझी होती. बालन्याय मंडळानं अमुक तारखेला समज देऊन प्रकरण निकाली काढलं, ऑर्डर जोडली आहे. त्यानंतर मी लायसन्सशिवाय वाहन चालवलेलं नाही.’ बस. शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहायचं हां. ‘अपघात झाला’, ‘रस्ता अरुंद होता’, ‘ते अचानक समोर आले’ असलं काही घालू नको, मेडिकलची माणसं अशी वाक्यं ओळखतात. अशी बाब आली की ती बहुतेक ठिकाणी एका छोट्या पॅनेलपुढे जाते, फिटनेस टू प्रॅक्टिस म्हणतात तिकडे, आणि ते बघतात वय काय होतं, किती गंभीर होतं, परत घडलं का, आणि माणूस त्याबद्दल सरळ बोलतो का. पहिल्या तीन गोष्टी तुझ्या बाजूनं आहेत आणि चौथी तुझ्या हातात आहे. सीट जाणारच नाही असं वचन मी देऊ शकत नाही. पण डॉक्टरकीत एका जुन्या अपघातापेक्षा खोटी सही कितीतरी जड धरतात, आणि ती एकदा करून भागत पण नाही. व्हिसाच्या फॉर्ममध्ये परत प्रश्न, त्यात तर ड्रायव्हिंगच्या गुन्ह्यासाठी झालेल्या दंडाचंसुद्धा विचारतात, मग डिग्री झाली की तिकडच्या मेडिकल कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनला परत. दर वेळी तेच खोटं आठवून तसंच लिहायचं, आणि पाच वर्षं घालून, जमीन विकून मिळवलेलं सगळं त्याच्यावर उभं. आईला उजवा प्रसाद मिळाला तो तू शिकायला जावंस म्हणून, आणि मला खात्री आहे फॉर्ममध्ये खोटं लिहायला देवीनं हो म्हटलंय असं ती माऊली म्हणणार नाही.

पप्पांबद्दल थोडं. तू लिहिलंयस ‘त्यांना माझी इज्जत वाचवायचीय’. असेल, पण अजून काहीतरी असू शकतं. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं, अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, शिवाय गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिन्यांसाठी रद्द. गाडी त्यांच्या परवानगीनंच नेली असं कोर्ट धरून चालतं, तसं नव्हतं हे त्यांनी सिद्ध करायचं. म्हणजे त्या सकाळची केस तुझ्यापेक्षा त्यांच्यावर जास्त असू शकते, आणि ती मोठ्यांच्या कोर्टात, बंद झालीय का माहीत नाही. वर लायसन्स नसलेली मुलगी चालवत होती म्हणून इन्शुरन्स कंपनी भरपाई भरून पैसे गाडीमालकाकडून वसूल करू शकते. हे सगळं तो माणूस तुला कळू न देता एकटा घेऊन बसला असेल तर ‘विषय संपला’ असं तो का म्हणतो ते समजून घे. कागद मागताना हे पण विचार, ‘पप्पा, तुमच्यावर काय आलं त्यात?’ मला वाटतं हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत कोणी विचारला नसेल.

त्याच कलमात अजून एक आहे, गाडी चालवून गुन्हा करणाऱ्या मुलाला पंचविसावं वर्षं पूर्ण होईपर्यंत लर्निंग लायसन्ससुद्धा मिळत नाही. तू लिहितेस ‘जायच्या आधी इथलं लायसन्स काढून घेते, तिकडे उपयोगी पडेल’. ते आत्ता करू नको. हे कलम तुझ्या केसमध्ये लागतं की कलम २४ मुळे लागत नाही हे आधी वकिलाला विचार, कारण लायसन्सच्या अर्जावर चुकीची माहिती गेली तर ती आजची, १९ वर्षांच्या मुलीची सही असेल आणि मग बालपण मधे येणार नाही.

तुझ्यासारख्या अजून बऱ्याच घरांत हे वाचलं जाईल म्हणून त्यांच्यासाठी पटकन. घटनेच्या वेळी अठरा पूर्ण झालेल्यांना यातलं ज्युव्हेनाइलचं काहीच लागू नाही. दिवाळीत नरकासुराच्या रात्री दोन गटांत मारामारी झाली आणि नाव एफआयआरमध्ये आलं, वय अठरा वर्षं एक महिना, तर ती मोठ्यांची केस. ती चालू असेल तर पीसीसी अडकू शकतं, पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ प्रमाणे चालू फौजदारी केस असताना पासपोर्टलाच हरकत येते, मग कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. त्यासाठी महिने लागतात, ऑफर आल्यावर धावपळ करून जमत नाही. गोव्यातच, पर्वरीच्या डीटीईमार्फत (तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत) नीटवर एमबीबीएस घेणाऱ्यांचा ताप वेगळा आहे, रहिवासी दाखल्यासाठी मामलेदाराकडे फेऱ्या, हायर सेकंडरीचं कॅरेक्टर सर्टिफिकेट, रॅगिंगविरोधी अ‍ॅफिडेव्हिट. पुढे सरकारी नोकरी लागली की अ‍ॅटेस्टेशन फॉर्म येतो, तेव्हा अवतार सिंगवाला निकाल वकिलाला जरूर विचारा. अमेरिका-कॅनडाला जाणाऱ्यांनी तिकडचे प्रश्न वेगळे वाचायचे, अमेरिकेत कन्व्हिक्शनबद्दल मोठ्या आणि छोट्या गुन्ह्यांचं वेगवेगळं विचारतात आणि बॅकग्राउंड चेक सहसा सीट मिळाल्यावर होतो, कॅनडात मुलं-वृद्ध-आजारी यांच्याजवळ काम करणाऱ्यांसाठी वेगळा पोलीस चेक आहे. शेजारच्या मुलानं काय लिहिलं ते बघून आपला फॉर्म भरायचा नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. ज्या मुलीनं माणसाचा हात मोडला तिनं डॉक्टर व्हावं का.

एक गोष्ट मायेनं विचारते, रागावू नको. तुझ्या पत्रात फॉर्मबद्दल दोन पानं आहेत. उंडे कुठपर्यंत घरंगळले ते आहे, टोपलीवरचा निळा प्लास्टिकचा कागद वाऱ्यावर उडाला ते आहे. बांबोळीला नेल्यानंतर त्यांच्या हाताचं काय झालं ते नाही. प्लेट बसवली का, बोटं नीट वळतात का, सायकल परत चालवायला लागले की धंदा सोडला, आज तुमच्या वाड्यावर पाव कोण आणतो, हे कशातच नाही. मला वाटतं तुला माहीत नाही कारण घरात विषय बंद झाला, आणि तू मुकाट्यानं तो बंद राहू दिलास कारण लाज वाटत होती. ती लाज मी समजू शकते. पण डॉक्टर व्हावं का या प्रश्नाचं उत्तर ना पोलिसांच्या सर्टिफिकेटमध्ये आहे ना त्या फॉर्ममध्ये. ज्यानं कधी कोणाला दुखवलं नाही त्यानंच डॉक्टर व्हावं असा नियम केला तर वॉर्ड रिकामे पडतील. ज्याला दुखावलं त्याची चौकशी करायला जायची ताकद हवी, कारण उद्या तुझ्या हातून एखाद्या पेशंटला चुकीचा डोस गेला तर त्याच्या घरच्यांसमोर तुलाच उभं राहायचंय.

तेव्हा जाऊन भेट त्यांना. पण आधी पप्पांची केस आणि भरपाईचा क्लेम बंद झालेत का ते बघ. चालू असतील तर ते साक्षीदार आहेत, थेट घरी गेलीस तर दबाव आणायला आली असा अर्थ कोणी काढेल, म्हणून वकिलाला विचारूनच. सगळं संपलेलं असेल तर आईला घेऊन जा, दुपारचं, रात्रभर भट्टीवर काम करणारी माणसं सकाळी पाव वाटून आली की झोपतात. हात कसा आहे विचार, सॉरी म्हण, ते काही बोलले तर ऐकून घे, दरवाजा लावला तरी ऐकून घे. उपचारांचं काही राहिलं असेल तर ते पप्पांशी बोलून ठरवा. आणि या भेटीचं फॉर्ममध्ये एक अक्षर लिहायचं नाही, कॉलेजला दाखवायला म्हणून जायचं असेल तर जाऊच नको.

फॉर्मची शेवटची तारीख तू लिहिली नाहीस. आठवडाभरावर आली असेल तर घाईत भरू नको, बोर्डाची कॉपी मिळायला वेळ लागतो. अ‍ॅडमिशन ऑफिसच्या त्याच मेलमध्ये लिही की भारतातून एक कागद मागवलाय, त्यासाठी थोडी मुदत हवी. मेल स्वतःच्या अकाउंटवरून पाठव, आणि कॉपीत कन्सल्टन्सीवाल्याला ठेवू नको.